माहीमचा कॉजवे, अफूची पेटी आणि बाटलीवाला शेठ

दर्यावर्दी (धागाकर्ता)

परवा वांद्र्याहून दादरला येताना बस माहीमच्या कॉजवेवर चांगली पंचवीस मिनिटं अडकली. ओहोटी लागलेली. खाडीतला चिखल उघडा पडलेला, त्यात दोन बगळे आणि असंख्य प्लॅस्टिकच्या पिशव्या. वास असा की खिडकीतल्या माणसाने मुकाट्याने काच ओढून घेतली. शेजारचे आजोबा आपणहून म्हणाले, "हा रस्ता एका पारशी बाईंच्या पैशातून झालाय हो. टोल घ्यायचा नाही या अटीवर." मग जरा थांबून, "तेव्हाची अट. हल्लीचं काही सांगता येत नाही."

टोल घ्यायचा नाही ही अट डोक्यात बसली आणि दोन रात्री वाचण्यात गेल्या. म्हणून हा धागा.

बाई म्हणजे आवाबाई, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. माहीमहून शिवाजी पार्काकडे येणारा एलजे रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, तोही यांच्याच नावाचा. त्या काळी माहीम आणि वांद्र्याच्या मधे होडीशिवाय वाट नव्हती. पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं जायची. सरकारला पूल हवा होता, फक्त खिशात हात घालायचा नव्हता. आवाबाईंनी आधी लाख रुपये दिले. काम वाढलं तेव्हा वर ५७,००० दिले. एकूण १,५७,०००, गोष्ट १८४० च्या दशकातली. अट एकच: येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पै घ्यायची नाही.

आता नवऱ्याकडे या. जन्म १५ जुलै १७८३. घराणं नवसारीकडचं, वडील विणकर. सोळाव्या वर्षी आईवडील दोघंही गेले आणि पोरगा मामाच्या पेढीवर आला. मामा फ्रामजी नसरवानजी, धंदा रिकाम्या बाटल्यांचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. पुढे याच मामाच्या मुलीशी, आवाबाईंशी, १८०३ साली लग्न झालं. शाळा म्हणावी अशी झालीच नाही, इंग्रजी कामापुरतं. पण चीनच्या फेऱ्या तेवढ्या वयात सुरू झाल्या. १८०५ मध्ये चौथ्या फेरीत त्यांचं 'ब्रन्सविक' जहाज फ्रेंचांनी पकडलं, माल गेला, आणि हे थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला जाऊन पडले. त्या जहाजावरचा सर्जन होता विल्यम जार्डिन नावाचा एक स्कॉटिश तरुण. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर पैसा आला आणि अक्षरशः पोत्याने आला. मुंबईच्या पेढीत भागीदार कोण, तर मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याकडचे ख्रिस्ती. पारशी धरून चार धर्म एका गादीवर! हल्लीच्या सोसायटीच्या कमिटीत हे जमवून दाखवा.

मला सांगायचंय ते त्यांच्या दानाबद्दल. किती दिलं याची यादी कुठेही मिळेल. कसं दिलं ते मला जास्त भारी वाटलं. जेजे हॉस्पिटलसाठी लाख रुपये देऊ केले, पण कंपनी सरकारनेही तेवढेच घालावेत या बोलीवर. पायाचा दगड ३ जानेवारी १८४३ ला बसला, १८४५ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. कॉजवेवर टोल नाही. १८२२ मध्ये मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरिबांची देणी स्वतः फेडून त्यांना सोडवलं. गुरांच्या चराईवर सरकारने फी बसवली तेव्हा ठाकुरद्वाराजवळचं कुरण २०,००० रुपयांना विकत घेऊन ते गुरांना मोकळं केलं असं सांगतात.

यात एक सूत्र दिसतं का बघा. आपल्याकडचा दाता अट घालतो ती घेणाऱ्यावर. आमच्या जातीचाच विद्यार्थी हवा, आमच्या गावचाच हवा, वर्षातून एकदा फोटोला यायला हवं. या माणसाची अट असायची सरकारवर. व्यापाऱ्याने सौद्यात समोरच्याला बांधून घ्यावं तसं त्याने दानात सरकारला बांधून घेतलं. दान करतानाही माणूस धंदाच करत होता, नफा फक्त तिसऱ्याला.

तुम्हाला काय वाटतं?

---

वाटाड्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). निवांत वाचून सविस्तर लिहीन. तोवर एक भर: चर्नी रोडचं नाव त्या चराईवरूनच पडलं ना?

---

खडूस

धागा छान लिहिलाय, भाषा तर फारच. पण तुम्ही "पैसा पोत्याने आला" म्हणून पुढे गेलात. पोत्यात काय होतं ते लिहा की राव. की ते पुढच्या भागात?

---

वात्रट

रिकाम्या बाटल्या विकल्या तर बाटलीवाला. मग अफू विकणाऱ्याचं आडनाव काय ठेवायचं? सोडाबॉटलओपनरवाला चालतं, तर अफूपेटीवाला का नको?

(रुमाल टाकून बसतोय. हा धागा शंभरी गाठणार.)

---

दर्यावर्दी

@वाटाड्या, चर्नी रोडबद्दल दोन मतं आहेत. एक चराईचं. दुसरं असं, की ठाण्याच्या चेंदणीकडून बरीच मंडळी गिरगावात राहायला आली, मुंबईकर त्या चेंदणीला चर्नी म्हणायचे, तेच नाव इकडे चिकटलं. मला चराईची गोष्ट आवडते. म्हणून ती खरी असेलच असं नाही.

@खडूस, लपवायचा हेतू नव्हता. शीर्षकातच 'अफूची पेटी' लिहिलंय, बघा. पण बरं झालं विचारलंत. लिहितो.

माळव्यातली अफू. बंगालकडच्या, म्हणजे पाटणा-बनारसच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळवा मात्र संस्थानिकांच्या मुलखात, तिथे कंपनीचा हात थेट पोचत नव्हता. आधी हा माल दमणमार्गे चोरून बाहेर जायचा. थोपवता येईना म्हटल्यावर १८३० च्या सुमारास कंपनीने पेटीमागे पासाची फी घेऊन तो राजरोस मुंबईतून जाऊ दिला. आवरता येत नाही तर जकात घ्या, हा शहाणपणा जुनाच आहे. मुंबईहून कॅन्टनला. चीनमध्ये अफूला बंदी, म्हणजे तिकडे उतरवणं बेकायदा. तिकडचा अडत्या कोण? १८३२ मध्ये निघालेली जार्डिन मॅथेसन कंपनी. तोच ब्रन्सविकवरचा सर्जन. फ्रेंचांच्या कैदेतली ओळख दोघांनी जन्मभर वापरली.

कापूसही जायचा. पण कापसाने एवढे वाडे उभे राहत नाहीत.

---

माळवेकर

मी इंदूरचा. मराठी माणूस असलो तरी चार पिढ्या माळव्यात गेल्या, त्यामुळे इथे बोलायचा हक्क मागतो.

मंदसौर-नीमचकडे आजही अफू होते, सरकारी परवान्यावर, मोजून दिलेल्या जमिनीत. माघ-फाल्गुनात शेतात गेलात तर पांढऱ्या फुलांनी डोळे दिपतात. फुलं गळाली की हिरवी बोंडं राहतात. दुपारनंतर त्या बोंडाला उभे बारीक चिरे देतात. रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो तपकिरी होऊन बोंडावर गोठलेला असतो. ऊन चढायच्या आत खरवडून भांड्यात घ्यायचा. पुन्हा दोन-चार दिवसांनी त्याच बोंडाला चिरा. शेतातून मागे-मागे सरकत काम करावं लागतं, नाहीतर चीक अंगाला लागतो. दोन तास उभं राहिलं तरी डोकं जड होतं, मी अनुभव घेतलाय. रात्री राखण लागते. आणि पोपट येतात! पोपटांना बोंडाचं व्यसन लागतं, हा विनोद नाही, शेतकऱ्यांची खरी डोकेदुखी आहे.

हे एवढ्यासाठी लिहिलं, की शेठ दानशूर की पापी हा वाद मुंबई आणि चीन या दोन टोकांवरच चालतो. मधे चीक खरवडणारा कुणाच्याच हिशोबात नसतो. सावकाराने पेरणीच्या आधी पैसे दिलेले असायचे, माल त्याचाच. कॅन्टनचा भाव शेतापर्यंत पोचेपर्यंत त्यात कितीजणांचे हात धुवून निघत असतील ते तुम्हीच बघा.

---

खडूस

माळवेकर, दंडवत. असा प्रतिसाद आला की धाग्याचं सोनं होतं.

आता दर्यावर्दींसाठी दोन तारखा. १८३९ मध्ये चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झशू याने कॅन्टनला परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून जास्त पेट्या अफू जप्त केली. हुमेनच्या किनाऱ्यावर चर खणले, त्यात पाणी, मीठ आणि चुना घालून ती विरघळवली आणि समुद्रात सोडली. वीसपेक्षा जास्त दिवस हेच काम चाललं होतं. त्या पेट्यांत मुंबईकर शेठियांचाही माल होता. मग जार्डिनसाहेब लंडनला जाऊन मंत्र्यांच्या कानाला लागले, आरमार निघालं, युद्ध झालं. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह. हाँगकाँग गेलं, वर २ कोटी १० लाख डॉलर दंड, त्यातले ६० लाख जाळलेल्या, सॉरी, विरघळवलेल्या अफूचे.

आणि त्याच १८४२ मध्ये आपल्या शेठना 'सर' मिळालं. नाईटहूड मिळालेला पहिला भारतीय. दुसऱ्याच वर्षी हॉस्पिटलचा दगड बसला.

या तारखा एकाखाली एक लिहा आणि मग मला "सरकारला बांधून घेतलं" म्हणून सांगा. कोण कुणाला बांधून घेत होतं?

---

हिशोबनीस

मी सीए आहे, म्हणून जरा कोरडा प्रतिसाद.

दोन्ही बाजू एकाच वहीत आहेत, वेगवेगळ्या पानांवर. जमेच्या बाजूला काय आलं आणि नावे काय पडलं, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. एकाने दुसरं पुसत नाही. मी रोज कंपन्यांचे सीएसआरचे कागद बघतो. २०१३ च्या कंपनी कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. नफा कुठून आला हे तो रकाना विचारत नाही. १८४३ मध्येही कुणी विचारलं नाही. फरक एवढाच की तेव्हा २ टक्क्यांची सक्ती नव्हती, ते मनाने द्यायचे.

बरोबरीची रक्कम घालण्याच्या अटीबद्दल मात्र धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. ज्याने कधी ट्रस्टचं काम केलंय त्याला कळेल. इमारत बांधून देणारे ढीगभर भेटतात. ती चालवायची कुणी, हा प्रश्न उरतो. पगार, औषधं, दुरुस्ती, पाणीपट्टी. मी एका ट्रस्टच्या हिशोबाला बसायचो. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लखलखीत, आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र, आठ महिने बंद, कारण दुरुस्तीसाठी कुणाला देणगी द्यायची नव्हती. दुरुस्तीवर पाटी लावता येत नाही ना. सरकारला पहिल्या दिवसापासून भागीदार करून घेतलं तर ते सहजासहजी हात झटकू शकत नाही. जेजे आज चालू आहे ते त्या एक लाखावर नाही, त्या भागीदारीवर.

---

नदीकाठची

पुण्याहून हजेरी! आमचा बंड गार्डनचा बंधारा विसरलात की काय? तोही जमशेटजींच्या पैशातूनच, १८५० च्या सुमारासचा, पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी. मुळा-मुठेवर. पाणी भरलं की बंधाऱ्यावरून एकसारखी पांढरी चादर पडते आणि पुलावर स्कूटर थांबवून लोक भजी खात बघत बसतात. बंड कुणाचा, असं त्या गर्दीत विचारून बघा. 'बंड' म्हणजे बंधारा हेच अर्ध्या पुण्याला माहीत नाही. मला कॉलेजपर्यंत वाटायचं, तिथे कुणीतरी बंड केलं असावं. :-)

अवांतर: मुंबईचं पांजरापोळही त्यांचंच, १८३४ चं, अमीचंद शहांबरोबर. त्याच्या आधी १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगा झाला होता, पारशी रस्त्यावर उतरले होते, दुकानं बंद. मारू नका म्हणणारे पुष्कळ असतात हो. मारत नाही, पण मग ठेवायची कुठे, याची सोय करणारे थोडे. आमच्या सोसायटीत गेली तीन वर्षं हाच वाद चालू आहे, आणि सोय करणारं अजून कुणी निघालेलं नाही.

---

वात्रट

नदीकाठची, कुत्र्यांचा विषय काढलात. आता हा धागा शंभर नाही, पाचशे जाणार. संपादक मंडळ, सावध.

---

रात्रपाळी

जेजेला शिकले, तिथेच रात्रपाळ्या केल्या, म्हणून लिहिते.

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच वर्षी, १८४५ ला सुरू झाले. कॉलेजला नाव गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं. ते बिचारे १८३८ मध्येच गेले, दापोडीला. पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. म्हणजे गोव्यातल्या पेडण्याकडे मुळं असलेला एक मराठी मुलगा जमशेटजींच्या वॉर्डांत शिकून डॉक्टर झाला आणि पुढे मुंबईत गरिबांना फुकट औषध देत राहिला. दानाची साखळी म्हणतात ती ही.

खडूस यांच्या तारखा वाचून खरंच अस्वस्थ झाले. पण एक गंमत सांगते. रात्री तीनला कॅन्सरचा पेशंट वेदनेने तळमळत असतो तेव्हा आम्ही काय देतो? मॉर्फिन. अफूचंच. नीमचच्या सरकारी कारखान्यात माळवेकरांच्या शेजारच्या शेतातलाच चीक जातो. त्या वॉर्डात इंजेक्शन भरताना मी कधी जमशेटजींचा विचार केला नव्हता. आता बहुधा दरवेळी करीन, त्याबद्दल तुम्हा सगळ्यांना धन्यवाद म्हणू की काय म्हणू.

केसपेपरच्या रांगेतल्या माणसाला मात्र जीजीभॉय कोण हे कधीच कळत नाही. त्याच्यासाठी ते 'जेजे' आहे, मराठी पाटीवर 'सर ज. जी.'. एका आजींनी मला विचारलं होतं, "बाई, हे ज.जी. म्हणजे जगदंबेचं काय गं?" मी हो म्हटलं. रांग मोठी होती.

---

वाटाड्या

आजी जिंकल्या. धागा इथेच बंद करा.

आलोच आहे तर लिहितो. नावाचा मुद्दा कुणी काढला नाही. हॉस्पिटलला स्वतःचं नाव, आर्ट स्कूललाही स्वतःचं (१८५७, त्यालाही लाख रुपये), कॉजवेचा रस्ता बायकोच्या नावाचा. गुप्तदान नावाची गोष्ट आपल्या परंपरेत आहे, या हाताचं त्या हाताला कळू नये वगैरे. इथे तर आख्ख्या शहराला कळावं असा बंदोबस्त! त्यांच्याच पिढीतले नाना शंकरशेट बघा. मुलींची शाळा स्वतःच्या वाड्यात भरवली, तीही लोक शेण फेकत होते त्या काळात. मला नाना जवळचे वाटतात. आणि नानांच्या गाठीशी अफूचा शिक्का नाही.

---

दर्यावर्दी

@वाटाड्या, नाना आणि जमशेटजी यांना समोरासमोर उभं करू नका. १८४५ मध्ये मुंबईत रेल्वे आणायची खटपट दोघं मिळूनच करत होते. मुंबईतल्या पहिल्या पिढीच्या प्रत्येक चांगल्या कामात हीच पाच-सात नावं आलटून पालटून दिसतात. कुणाचा पैसा कुणाच्या पैशात मिसळला हे वेगळं काढता यायचं नाही. पाणी घातलेलं दूध आहे ते.

नावाचं म्हणाल तर, गुप्तदानात एक सोय असते. पैसा कुठला हेही कुणी विचारू शकत नाही. यांनी नाव ठळक कोरून ठेवलं म्हणून तर खडूस आज पावणेदोनशे वर्षांनी जाब विचारू शकले!

@खडूस, तारखा मान्य. 'सर' मिळालं ते दानाबद्दल की इंग्रजांशी इमान राखल्याबद्दल, याचं उत्तर माझ्या मते 'दोन्ही', आणि १८५७ मध्ये वर सरदारकीचा किताब मिळाला, बॅरोनेट, तोही पहिल्याच भारतीयाला. सालाकडे बघा. तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण "कोण कुणाला बांधून घेत होतं" याचं माझं उत्तर जरा वेगळं आहे. इंग्रजांनी त्यांना किताबाने बांधलं, हे खरं. त्या किताबाची लोकांच्या बाजूने वसुली त्यांनी केली, हेही खरं. कॉजवेवर टोल बसला नाही, हे सरळ दिसतंय. बाकी तोच पैसा कॅन्टनच्या कुठल्यातरी घरातून, कुणाच्यातरी नवऱ्याच्या चिलमीतून निघून आला होता, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी मूळ लेखात ते टाळलं, कारण मला तो माणूस आवडायला लागला होता. कबूल.

---

खडूस

एवढं कबूल केल्यावर भांडायला मजा राहत नाही. मी कॉजवे पाडा म्हणत नव्हतोच. पाटीवर एक ओळ वाढवा म्हणत होतो.

---

हिशोबनीस

ती ओळ मंजूर व्हायला किती खात्यांची सही लागेल याचा अंदाज आहे का? पूल बांधणं सोपं.

---

माळवेकर

ओळ लिहिलीत तर त्यात मंदसौरही येऊ द्या.

---

सीलिंकवाला

उशिरा आलो. वांद्रे-वरळी सी लिंकचा टोल भरून घरी पोचलो आणि हा धागा वाचला. उद्यापासून आवाबाईंच्या रस्त्याने जाणार. एक तास जास्त लागेल, पण बाईंच्या अटीचा मान राखायला हवा.

---

दर्यावर्दी

@सीलिंकवाला, अवश्य या. येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघं-तिघं माहीमच्या बाजूने कॉजवेवरून वांद्र्यापर्यंत पायी जाणार आहोत. कुणी येतंय का? नंतर चहा.

---

रात्रपाळी

मी येते. पण आधी भरतीची वेळ बघा हो. ओहोटीला नको, लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच वास आलाय मला.